अखेरच्या टप्प्यातील उपचार : रुग्णाची इच्छा वेळीच विचारा

शिरूर/दौंड, (प्रतिनिधी) - कर्करोग शरीरात पसरला आहे आणि तो पूर्ण बरा होण्याची शक्यता उरलेली नाही, हे अनेकदा रुग्णाच्या आधी त्याच्या मुलाला किंवा जावयाला कळते. ‘आईला यातले काही सांगू नका,’ अशी विनंती डॉक्टरांना तेथेच केली जाते. त्यामागे मायाच असते. मात्र, पुढे कोणते उपचार घ्यायचे, कोठे थांबायचे आणि अखेरचे दिवस कोठे घालवायचे, हे सारे निर्णय त्यामुळे तिला वगळून होतात.

शिरूर आणि दौंड परिसरात या मौनाची किंमत अधिक मोजावी लागते. कर्करोगाच्या विशेष उपचारांसाठी शिरूरहून नगर रस्त्याने, तर दौंडहून रेल्वेने किंवा सोलापूर रस्त्याने पुणे गाठावे लागते. हे अंतर सुमारे ७० ते ८० किलोमीटरचे आहे. केमोथेरपीसाठी दिवसा ये-जा करता येते. पण मध्यरात्री रुग्णाला धाप लागली, तर निर्णय काही मिनिटांत घ्यावा लागतो. घरीच औषध देऊन जवळ बसायचे, गावातील रुग्णालयात न्यायचे, की रुग्णवाहिका बोलावून पुण्यातील अतिदक्षता विभाग गाठायचा? आधी बोलणे झालेले नसेल, तर भावाबहिणींत मतभेद होतात आणि कोणताही निर्णय घेतला तरी मनाला रुखरुख लागून राहते.

बोलल्याने धीर खचतो का?

असा विषय काढल्यास रुग्ण खचेल, ही भीती स्वाभाविक आहे. अमेरिकेत बळावलेल्या कर्करोगाच्या रुग्णांचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. डॉक्टरांशी अखेरच्या काळाविषयी बोललेल्या रुग्णांमध्ये नैराश्याचे प्रमाण अधिक आढळले नाही. उलट, शेवटच्या आठवड्यात व्हेंटिलेटर आणि अतिदक्षता विभागाचा वापर त्यांच्याबाबतीत कमी झाला. फुप्फुसाच्या पसरलेल्या कर्करोगावरील २०१० च्या अभ्यासात, नेहमीच्या उपचारांबरोबरच सुरुवातीपासून उपशामक सेवा मिळालेल्या रुग्णांचे जीवनमान सुधारले, एवढेच नव्हे तर ते सरासरीने अधिक काळ जगले.

विचारायचे काय?

‘व्हेंटिलेटर लावायचा का?’ हा पहिला प्रश्न नव्हे. मराठी कुटुंबात जन्मलेले अमेरिकेतील शल्यविशारद डॉ. अतुल गावंडे यांनी ‘बीइंग मॉर्टल’ (२०१४) या पुस्तकात आपल्या वडिलांच्या आजारपणाविषयी लिहिले आहे. वडील मूळचे महाराष्ट्रातील, स्वतः डॉक्टर. त्यांच्या मज्जारज्जूत गाठ झाली होती. त्यांना कशाची भीती वाटते, काय टिकवायचे आहे आणि काय सोसायची तयारी आहे, हे मुलाने त्यांना विचारले. पुढचे निर्णय घेताना त्या उत्तरांचा आधार मिळाला.

आपल्या घरातही सुरुवात साध्या शब्दांत करता येते. ‘अण्णा, आजाराविषयी डॉक्टरांनी तुम्हाला काय सांगितलंय?’ ‘आणखी जाणून घ्यायचंय, की आमच्याशी बोललेलं चालेल?’ ‘तुम्हाला सगळ्यात जास्त काळजी कशाची वाटते?’ ‘प्रकृती बिघडली, तर घरी राहायचंय की रुग्णालयात?’ ‘तुम्हाला बोलता आलं नाही, तर तुमच्या वतीने कोणी सांगायचं?’ रुग्णाने ‘आत्ता नको’ म्हटले, तर त्याचा मान राखावा आणि पुन्हा केव्हातरी विचारावे. हे एका बैठकीत संपणारे काम नाही. ग्लानी येण्यापूर्वी, म्हणजे रुग्ण स्पष्ट बोलू शकतो तोवर ते सुरू झालेले बरे.

कायदा काय सांगतो?

मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग १९७३ मधील हल्ल्यानंतर २०१५ मध्ये मृत्यू येईपर्यंत अंथरुणाला खिळून होत्या. त्यांची स्वतःची इच्छा काय, हे कोणालाच विचारता येत नव्हते. त्यांच्याविषयीच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये निकाल दिला. ९ मार्च २०१८ रोजी घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क आणि ‘लिव्हिंग विल’, म्हणजेच वैद्यकीय इच्छापत्र, मान्य केले. त्यासाठीची किचकट प्रक्रिया जानेवारी २०२३ मध्ये सुलभ करण्यात आली.

आता सज्ञान आणि सुबुद्ध व्यक्ती दोन साक्षीदारांसमोर असे पत्र करू शकते. त्यावर नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचे साक्षांकन पुरेसे असते. आपल्या वतीने संमती देणाऱ्या आप्तांची नावे त्यात लिहावी लागतात. त्याची प्रत स्थानिक स्वराज्य संस्थेने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्यायची असते. शिरूर आणि दौंड शहरांसाठी ही संस्था नगरपरिषद, तर खेड्यांसाठी ग्रामपंचायत आहे. पत्र केव्हाही लेखी रद्द करता येते. बरे होण्याची आशा नसताना आणि रुग्ण स्वतः निर्णय घेऊ शकत नसतानाच त्याचा वापर होतो. तोही डॉक्टरांच्या दोन मंडळांनी खातरजमा केल्यावर. इच्छापत्र नसले, तरी कुटुंबाच्या संमतीने याच मंडळांमार्फत निर्णय घेता येतो. इंजेक्शन देऊन मृत्यू घडवून आणणे मात्र बेकायदाच आहे.

उपचार थांबले, तरी सेवा थांबत नाही

व्हेंटिलेटर नको म्हणणे म्हणजे ‘काहीच करू नका’ असे नव्हे. वेदना, धाप, मळमळ, जखमांची दुर्गंधी आणि मनाची घालमेल यांवरील उपचार अखेरपर्यंत चालतात. तीव्र वेदनांवर मॉर्फिन हे प्रभावी औषध आहे. डॉक्टरांच्या देखरेखीखाली योग्य मात्रेत दिल्यास व्यसन लागण्याची भीती बाळगण्याचे कारण नाही. त्याची उपलब्धता सुकर व्हावी, म्हणून २०१४ मध्ये अमली पदार्थविषयक कायद्यात दुरुस्तीही झाली. पुण्यात वारजे येथील सिप्ला उपशामक सेवा व प्रशिक्षण केंद्र १९९७ पासून कर्करोगाच्या रुग्णांना आणि त्यांच्या कुटुंबीयांना विनामूल्य सेवा देत आहे.

रुग्णाला घरी राहायचे असेल, तर तयारी आधीच करावी लागते : रात्री कोणत्या डॉक्टरांना दूरध्वनी करायचा, कोणते औषध घरात हवे, ते किती द्यायचे, शुश्रूषा कोण करणार. हे सारे एका कागदावर लिहून औषधांजवळ ठेवावे आणि बाहेरगावच्या मुलांनाही कळवावे. इच्छापत्र कायद्याच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेच. पण ते लिहिण्यापूर्वी रुग्णाशी बोलणे व्हायला हवे, आणि त्यासाठी नोटरीची गरज नाही.