जुना खेळाडू, नवा गेम
खेळामागचं शास्त्र : लेखांक ६

२८ सप्टेंबर २०२३ रोजी हांगझोऊच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत ‘स्ट्रीट फायटर ५’ या गेमचं सुवर्णपदक दक्षिण कोरियाच्या किम ग्वान-ऊ यांनी जिंकलं. अंतिम सामना ४-३ असा अटीतटीचा झाला. विजेत्याचं वय होतं ४४. इतर अनेक ई-स्पोर्ट्समध्ये पंचविशी ओलांडलेला खेळाडू उताराला लागला असं समजतात, आणि इथे चाळिशी पार केलेला माणूस तरुणांना हरवून गेला. किम आर्केडमधल्या मशीनवर हात बसवलेल्या पिढीचे. ‘स्ट्रीट फायटर २’ आला १९९१ मध्ये, आणि ज्या गेमने त्यांना पदक दिलं तो आला २०१६ मध्ये. मधल्या पंचवीस वर्षांत पात्रं, नियम, फटक्यांचे हिशेब, सगळं बदललं. मग जुन्या खेळाडूचं नेमकं काय नव्या गेममध्ये उपयोगी पडतं?

मागच्या लेखांकात आपण फ्रेमचा हिशेब पाहिला. बहुतेक सगळे फायटिंग गेम सेकंदाला ६० फ्रेम या वेगाने चालतात. डोळ्यांनी एखादी गोष्ट टिपून बोट हलवायला माणसाला साधारण पाव सेकंद, म्हणजे १२ ते १५ फ्रेम लागतात. ‘स्ट्रीट फायटर’मधला सगळ्यात चपळ ठोसा तीन-चार फ्रेममध्ये लागतो. तो पाहून अडवणं कुणालाच शक्य नाही. उडी मात्र चाळीसेक फ्रेम हवेत असते, त्यामुळे ती दिसते आणि तिला उत्तरही देता येतं. काय पाहून अडवायचं आणि काय आधीच ओळखायचं, ही विभागणी अनुभवी खेळाडूच्या अंगात मुरलेली असते. गेम बदलला की आकडे बदलतात, पण माणसाचे डोळे तेच राहतात. म्हणून ही विभागणी प्रत्येक नव्या गेममध्ये कामाला येते.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण म्हणजे जपानचे डाइगो उमेहारा. २००४ साली अमेरिकेतल्या ‘इव्हो’ स्पर्धेत ‘स्ट्रीट फायटर ३: थर्ड स्ट्राइक’ या गेममध्ये ते केन हे पात्र घेऊन खेळत होते, समोर जस्टिन वाँग यांची चुन-ली. केनची ताकद संपत आलेली, पट्टीवर जेमतेम एक रेघ उरलेली. अशा वेळी सुपर, म्हणजे पात्राचा सगळ्यात जोरदार हल्ला, नुसता अडवला तरी थोडी ताकद जातेच, आणि इथे तेवढीही परवडणारी नव्हती. उरला एकच उपाय, पॅरी. फटका लागण्याच्या नेमक्या क्षणी स्टिक पुढे ढकलली, तर ताकद जराही न जाता तो फटका वाया जातो. वाँग यांनी सुपर सोडला. एकापाठोपाठ एक पंधरा लाथा आल्या, उमेहारांनी प्रत्येक लाथेला पॅरी केलं, शेवटची हवेत उडी घेऊन परतवली आणि प्रतिहल्ल्यात ती फेरी जिंकली. त्यातली पहिली पॅरी सर्वांत अवघड होती. सुपर दिसल्यावर स्टिक ढकलून भागत नाही, तो आता येणार हे आधी हेरावं लागतं.

पुढचा भाग आपल्या विषयासाठी अधिक महत्त्वाचा. त्यानंतरच्या काळात उमेहारांनी गेम सोडले आणि काही काळ वृद्धांच्या शुश्रूषेचं काम केलं. २००८ मध्ये ‘स्ट्रीट फायटर ४’ आला आणि ते परतले. या गेममध्ये पॅरी नव्हतीच. ज्या कौशल्याने त्यांना जगभर नाव मिळवून दिलं, त्याला इथे जागाच नव्हती. तरीही २००९ आणि २०१० अशी सलग दोन वर्षं त्यांनी ‘इव्हो’मध्ये हाच गेम जिंकला. म्हणजे पॅरी हे त्यांच्या खेळाचं वरचं रूप होतं. समोरच्याच्या मनात काय चाललंय ते हेरणं हा गाभा होता, आणि तो सोबत आला.

या गाभ्यातली दुसरी गोष्ट म्हणजे अंतराची जाण. कबड्डीत चढाई करणारा जसा पकड करणाऱ्याच्या हाताच्या किंचित बाहेर घुटमळतो, तसंच हे आहे. ‘स्ट्रीट फायटर’मधल्या रियू या पात्राची खाली बसून मारलेली मधली लाथ कुठवर पोचते हे माहीत असलेला खेळाडू त्या टप्प्याच्या जरासा बाहेर उभा राहतो, अर्धं पाऊल आत टाकतो आणि लगेच मागे येतो. समोरचा चेकाळून लाथ मारतो, ती हवेत जाते. पाय परत घ्यायला त्याला काही फ्रेम लागतात, आणि तेवढ्यात आपली लाथ बसते. नवखा खेळाडू स्वतःच्या पात्राकडे बघत असतो. मुरलेला खेळाडू दोघांमधल्या रिकाम्या जागेकडे बघतो. ही नजर एकदा आली की ‘स्ट्रीट फायटर’, ‘गिल्टी गिअर’, ‘किंग ऑफ फायटर्स’ सगळीकडे चालते. फक्त प्रत्येक पात्राच्या लाथेची लांबी नव्याने मोजावी लागते.

मात्र सगळंच सोबत येत नाही. १९७३ मध्ये विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी बुद्धिबळपटूंवर केलेला प्रयोग इथे आठवावा. खऱ्या डावातली मांडणी पाच सेकंद दाखवली, तर निष्णात खेळाडू बहुतेक सोंगट्या आठवून जागेवर ठेवू शकला. सोंगट्या कशाही मांडल्या, तेव्हा मात्र नवख्याच्या तुलनेत त्याला फारसा फायदा उरला नाही. त्याची स्मरणशक्ती ओळखीच्या रचनांना बांधलेली होती. फायटिंग गेममध्येही तसंच घडतं. कोणत्या पात्राचा कोणता फटका अडवल्यावर उलट मारता येतो, कोपऱ्यात सापडल्यावर कोण काय करतो, ही माहिती त्या त्या गेमपुरती असते. ‘टेकन’मध्ये एकेका पात्राच्या शंभराहून अधिक चाली असतात. तिथे ‘स्ट्रीट फायटर’मधला दिग्गजही आधी पाठांतराला बसतो.

काही सवयी तर आडव्या येतात. ‘स्ट्रीट फायटर’मध्ये बचावासाठी स्टिक मागे धरतात, ‘मॉर्टल कॉम्बॅट’मध्ये त्यासाठी वेगळं बटण आहे. वर्षानुवर्षं मागे ओढायला शिकलेला हात घाईच्या क्षणी मागेच ओढतो आणि फटका बसतो. ‘टेकन’मध्ये बाजूला सरकून सरळ येणारा वार चुकवता येतो, दोनच दिशांच्या गेममध्ये वाढलेल्या खेळाडूला ती तिसरी दिशा आधी सुचतच नाही. जितकी सवय पक्की, तितकी ती सोडवायला मेहनत जास्त.

म्हणूनच गेम बदलूनही जिंकणाऱ्यांचा रस्ता पाहावा. सोनिकफॉक्स या अमेरिकी खेळाडूने २०१४ मध्ये ‘इव्हो’त ‘इनजस्टिस’ जिंकला, पुढची दोन वर्षं ‘मॉर्टल कॉम्बॅट एक्स’ जिंकला आणि २०१८ मध्ये ‘ड्रॅगन बॉल फायटर्झी’. हा शेवटचा गेम जपानी कंपनीचा, तीन-तीन पात्रांच्या संघांचा, पहिल्या दोन्हींपेक्षा पार वेगळा. पण पात्रं बदलत खेळण्याची सवय सोनिकफॉक्सला ‘स्कलगर्ल्स’सारख्या गेममधून आधीच होती. पाकिस्तानातल्या लाहोरचा अर्सलान ॲश २०१९ मध्ये ‘टेकन ७’चा ‘इव्हो’ विजेता ठरला. ‘टेकन’आधी तो ‘किंग ऑफ फायटर्स’ खेळत असे. मुरलेल्या खेळाडूंना नव्या गेममध्येही शिकावं लागतंच. त्यांना काय शिकायचं हे माहीत असतं, म्हणून ते लवकर शिकतात.

नवखा खेळाडू नवा गेम घेतला की पंचवीस फटक्यांचा लांबलचक कॉम्बो पाठ करायला बसतो. अनुभवी खेळाडू आधी चार प्रश्न विचारतो: बचाव कसा करायचा? उडीला उत्तर कोणत्या फटक्याने द्यायचं? माझी सगळ्यात लांब लाथ कुठवर जाते? आणि या गेममध्ये काय पाहून अडवता येतं, काय नाही? या चार उत्तरांवर तो पहिल्याच संध्याकाळी बरोबरीचा सामना खेळू लागतो, आणि कॉम्बो मग सवडीने शिकतो. बोटांना मूलभूत हालचालींचा विचार करावा लागत नाही, म्हणून त्याचं लक्ष समोरच्या माणसावर राहतं.

नव्वदच्या दशकात आपल्याकडच्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये नाणी टाकून रियू-केन खेळलेले अनेक वाचक आज चाळिशीत असतील. नुसती बटणं बडवणाऱ्यांना आज नव्याने सुरुवात करावी लागेल. पण ज्यांनी तेव्हा समोरच्याची उडी ओळखून ती पाडायला शिकून घेतलं, त्यांनी एखादा नवा फायटिंग गेम अवश्य हातात घ्यावा. पहिले काही दिवस ते हरतील, कारण पात्रं अनोळखी असतील. नंतर सामने हळूहळू त्यांच्या बाजूने झुकायला लागतील, कारण तेव्हा कमावलेली नजर अजून त्यांचीच आहे.

पुढच्या लेखांकात : एकाच प्रतिस्पर्ध्याशी सलग दहा सामने खेळताना खेळाडू एकमेकांच्या सवयी कशा ओळखतात आणि त्या बदलतात कशा.