वारांची नावे : ग्रह आणि गणना (पेडणे व डिचोली परिसराच्या संदर्भात)

डिचोलीचा आठवड्याचा बाजार बुधवारी, पेडण्याचा गुरुवारी आणि म्हापशाचा शुक्रवारी भरतो. यांपैकी गुरुवार हा एकच दिवस घेतला तरी त्याची नावे अनेक. मराठीत तो गुरुवार, कोंकणीत बिरेस्तार, उर्दूत जुमेरात, तर पोर्तुगीजमध्ये 'किंता-फेइरा' म्हणजे पाचवा दिवस. पेडणे तालुक्यातील मोरजी-हरमलच्या किनाऱ्यावर येणारे रशियन पर्यटक त्यालाच 'चेत्वेर्ग' म्हणतात. त्याचा अर्थ चौथा. एकच दिवस कोणाच्या लेखी पाचवा आणि कोणाच्या लेखी चौथा कसा, याचा उलगडा प्रस्तुत लेखात केला आहे.

ग्रहांवरून आलेली नावे

मराठी व कोंकणीतील वार ग्रहांवरून आलेले आहेत. कोंकणी 'आयतार' हे आदित्यवाराचे आणि 'बिरेस्तार' हे बृहस्पतिवाराचे रूप होय. जुन्या मराठी पत्रांत भानुवासर, इंदुवासर, भौमवासर, भृगुवासर, मंदवासर अशी नावे आढळतात. तीही ग्रहांचीच पर्यायनामे आहेत. उर्दूतील इतवार, मंगल आणि बुध हे याच परंपरेतले.

गणनेवरून आलेली नावे

अरबीत रविवार हा पहिला दिवस (अल्-अहद) आणि गुरुवार पाचवा (अल्-खमीस). मराठी कागदपत्रांतील सुहूर सन वाचणाऱ्यास 'अर्बा', 'खमस' हे अंक परिचित असतात. बुधवार व गुरुवार यांची अरबी नावे त्याच धातूंतून आली आहेत. फारसीत शनिवार म्हणजे 'शंबा', रविवार 'यकशंबा' आणि गुरुवार 'पंजशंबा'. येथेही गुरुवार पाचवाच.

पोर्तुगीजांची गणना याच्याशी जुळते. सहाव्या शतकातील ब्रागाचे बिशप मार्टिन यांनी वारांना जुन्या देवतांची नावे देण्यास विरोध केला होता. स्पॅनिश व फ्रेंच भाषांनी ग्रहनामे ठेवली. पोर्तुगीजने मात्र रविवार (दोमिंगो) व शनिवार (साबादो) वगळून उरलेले दिवस दुसरा ते सहावा असे मोजले. 'सेगुंदा-फेइरा' म्हणजे शब्दशः दुसरा. पण तो सोमवार होय.

स्लाव भाषांत मोजणी सोमवारपासून होते. रशियनमध्ये मंगळवार 'फ्तोर्निक' (दुसरा), बुधवार 'स्रेदा' (मधला), गुरुवार चौथा आणि शुक्रवार 'प्यात्नित्सा' (पाचवा). रविवारचे मूळ स्लाव नाव 'काम नसलेला दिवस' या अर्थाचे आहे. पोलिशमध्ये ते 'न्येद्झेला' या रूपात टिकले. रशियनमध्ये मात्र 'नेदेल्या' म्हणजे आठवडा झाला आणि रविवारला 'पुनरुत्थान' या अर्थाचे नाव मिळाले. उर्दूतही 'हफ्ता' हा एकच शब्द आठवडा आणि शनिवार या दोन्ही अर्थांनी वापरतात. मराठी 'आठवडा' मात्र आठ दिवसांचा, कारण त्यात आरंभीचा वार शेवटी पुन्हा मोजला जातो.

दिवस केव्हा सुरू होतो?

क्रमांकाइतकाच महत्त्वाचा प्रश्न दिवसाच्या आरंभाचा आहे. इस्लामी गणनेत दिवस सूर्यास्तापासून सुरू होतो. जुम्याची रात्र म्हणून आदल्या दिवसाला 'जुमेरात' हे नाव पडले. म्हणूनच 'शब-ए-जुमा' म्हणजे गुरुवारची रात्र. मराठी निमंत्रणात त्याचे 'शुक्रवारची रात्र' असे भाषांतर झाले, तर पाहुणे एक दिवस उशिरा पोहोचतील.

व्यवहारातील उपयोग

पेडणे व डिचोली हे नव्या काबिजादीतले तालुके. 1961 पर्यंत येथे पोर्तुगीज अंमल होता, त्यामुळे जमिनीचे व नोंदणीचे कित्येक जुने कागद पोर्तुगीजमध्ये आहेत. सोमवारपासून मोजण्याची सवय असलेल्या विद्यार्थ्याने 'तेर्सा-फेइरा' (तिसरा) बुधवार मानला तर तारीख व वार जुळत नाहीत, आणि खरा कागदही संशयास्पद वाटू लागतो. वास्तविक तो मंगळवार असतो. अशा वेळी वाराचा केवळ शब्दार्थ घेऊ नये. त्या भाषेत मोजणी कोठून सुरू होते ते आधी पाहावे आणि मग तारखेशी ताडून घ्यावे.

आणखी एक गोष्ट यातून स्पष्ट होते. उर्दू बोलणारे घर मंगल-बुध म्हणते आणि जुमाही म्हणते; बिरेस्तार म्हणणारा कोंकणी ख्रिस्ती बृहस्पतीची उपासना करीत नाही. वाराचे नाव भाषेचा प्रवास सांगते. त्यावरून बोलणाऱ्याची श्रद्धा ठरवता येत नाही. बहुभाषी वर्गात हे सात शब्द शेजारी शेजारी लिहून शिकवले, तर भाषेबरोबर इतिहासाचाही एक धडा मुलांच्या पदरी पडेल.