लॉ कॉलेज रस्त्यावरचा मूकपटांचा ठेवा

दादासाहेब फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ या मूकपटाच्या चार रिळांपैकी आज दोनच हाती आहेत, पहिलं आणि शेवटचं. तीही १९१३ ची नसून फाळक्यांनी १९१७ मध्ये पुन्हा केलेल्या चित्रपटाची असावीत, असं काही अभ्यासक म्हणतात. ही रिळं जपणारं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यात लॉ कॉलेज रस्त्यावर आहे. आवारात बॅरिस्टर मुकुंदराव जयकरांचा जुना बंगला आहे. प्रभातचा स्टुडिओ, म्हणजे आजची फिल्म इन्स्टिट्यूट, इथून जवळच.

संग्रहालय १९६४ मध्ये सुरू झालं, तोवर मूकपटांचा काळ सरून तीस वर्षं लोटली होती. त्या काळात आपल्याकडे १३०० च्या आसपास मूकपट निघाले. उरले ते अगदी मोजके. मूकपट ज्या नायट्रेटच्या फिल्मवर असत, ती झपाट्याने पेट घेते आणि नुसती पडून राहिली तरी चिकट होऊन शेवटी तिची भुकटी होते. शिवाय तिच्यात चांदी असते, म्हणून कितीतरी रिळं भंगारात गेली. बाबूराव पेंटरांचा १९२५ चा ‘सावकारी पाश’ आज कुठेच नाही. मराठी माणसाला याची हळहळ वाटायला हवी.

जे वाचलं, त्याचं मोठं श्रेय संग्रहालयाचे संस्थापक पी. के. नायर यांना. फाळक्यांच्या मुलांकडचे तुकडे मिळवून त्यांनी १९१९ चा ‘कालिया मर्दन’ पुन्हा जुळवला. त्यात बाळकृष्ण झालेली मंदाकिनी ही फाळक्यांची मुलगी. कॅमेऱ्यासमोर ती इतकी मोकळी वावरते की आजही नजर तिच्यावरून हटत नाही. १९३३ चा मल्याळी मूकपट ‘मार्तंड वर्मा’ हक्कांच्या खटल्यात अडकला, प्रत जप्त झाली. एका अर्थी त्या जप्तीनेच तो वाचवला! १९७४ मध्ये नायरांनी तो पुण्याला आणला. नायर २०१६ मध्ये गेले. त्याच वर्षी १९१९ च्या ‘बिल्वमंगल’चा उरलेला भाग फ्रान्समधून संग्रहालयाला मिळाला. म्हणजे शोध अजून संपलेला नाही.

कोल्हापूर, नाशिक, मुंबईतल्या जुन्या घरांच्या माळ्यांवर आजही जुन्या फिल्मचा एखादा पत्र्याचा डबा असू शकेल. सापडला तर फिल्म उलगडू नका, जुन्या प्रोजेक्टरवर चढवू नका, उन्हात किंवा स्वयंपाकघराजवळ ठेवू नका. डबा भंगारवाल्याला देण्याआधी संग्रहालयाला कळवा.