कुत्र्याची एकादशी

चाणक्यनीतींत माणसानें पशुपक्ष्यांपासून शिकावयाचे गुण सांगितले आहेत. कुत्र्याच्या वांट्यास त्यांतील सहा आले असून पहिले दोन आहारासंबंधीं आहेत: मिळाल्यास भरपूर खाणें, आणि न मिळाल्यास अल्पावर संतुष्ट राहणें. हा श्लोक आम्हीं कित्येक वर्षें मुलांकडून पाठ करून घेतला. परंतु दुसऱ्या गुणाचें कौतुक करण्याच्या भरांत पहिल्याचा लोप आपणांस दिसत नाहीं, हें ध्यानांत येण्यास आम्हांस घरचा एक प्राणी गमवावा लागला.

परभणी जिल्ह्यांतील झरी या आमच्या गांवीं घराच्या ओसरीवर मोत्या नांवाचा गांवठी कुत्रा असे. एका आषाढी एकादशीस त्यानें थाळीस तोंड लावलें नाहीं. आमच्या मातोश्रींस केवढा आनंद! "अरे, मोत्यानें एकादशी धरली बघ!" शेजारच्या बायका पाहावयास आल्या, कोणी त्याच्या कपाळास बुक्का लावला. द्वादशीस पारणें म्हणून तूप-भात घातला, तों त्यानें मान फिरविली. पोट बिघडलें असेल, एक दिवस लंघन बरेंच, असें म्हणून आम्ही स्वस्थ राहिलों. त्रयोदशीस सकाळीं त्याच्या नाकांतून रक्त ठिबकत होतें. परभणीस नेल्यावर पशुवैद्यांनीं त्याचा ओठ उचलून हिरड्या दाखविल्या. त्या पांढऱ्याफटक पडल्या होत्या. मग त्यांनीं कान उलटून दाखविला. आंत गोचिडींची रांग लागलेली होती. "दोन दिवस आधीं आणला असता तर..." एवढें बोलून ते औषधाकडे वळले. चौथ्या दिवशीं मोत्या गेला.

तेव्हांपासून या विषयांत आम्हीं जें वाचलें व जाणत्यांस विचारलें, तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

आपल्या वैद्यकग्रंथांत अन्नावरील वासना उडण्याचे तीन भेद केले आहेत. अन्न तोंडांत घातलें तरी रुचत नाहीं, तो अरोचक. अन्न नुसतें पाहून वा आठवूनच नकोसें होतें, तो भक्तद्वेष. आणि भय, क्रोध इत्यादि मनोविकारांनीं अन्नावर श्रद्धाच राहत नाहीं, तो अभक्तच्छंद. हे भेद माणसांचे खरे. पण थाळीपुढें उभ्या असलेल्या कुत्र्याकडे पाहतांना त्यांचा फार उपयोग होतो.

पहिल्या प्रकारांत कुत्रें थाळीकडे येतें, हुंगतें, घास उचलतें आणि टाकून देतें. त्यास भूक आहे. पीडा तोंडांत आहे. किडलेला दांत, जिभेखालीं रुतलेलें कुसळ, टाळूस आडवें बसलेलें हाड अशीं कारणें असतात. मात्र येथें सर्वांत मोठें भय आहे, तें आधींच सांगतों. पिसाळलेलें कुत्रें म्हणजे धांवत सुटणारें व चावणारें, एवढेंच आपणांस ठाऊक असतें. पण या रोगाचा एक मुका प्रकारहि आहे. त्यांत खालचा जबडा लोंबतो, लाळ गळते, गिळतां येत नाहीं, आणि कुत्रें केविलवाणें होऊन कोपऱ्यांत बसतें. पाहणारा म्हणतो, "घशांत हाड अडकलें," आणि दयेपोटीं तोंडांत हात घालतो. लाळेंतूनच रोग पसरतो, आणि लक्षणें उमटल्यावर मनुष्य बहुधा वांचत नाहीं. कुत्रें पाणी पितें म्हणजे पिसाळलेलें नव्हे, ही समजूतहि चुकीची होय. पाण्याचें भय हें माणसांतील लक्षण आहे, कुत्र्यांतील नव्हे. म्हणून जबडा लोंबलेल्या कुत्र्याच्या तोंडांत कोणीहि हात घालूं नये. दांत वा लाळ लागलीच, तर ती जागा साबण व वाहत्या पाण्यानें पंधरा मिनिटें धुवावी आणि त्याच दिवशीं रुग्णालयांत जाऊन लस सुरू करावी. १८८५ सालीं पाश्चरची ही लस जोसेफ मायस्टर या मुलास टोंचण्यांत आली, तेव्हांपासून हा मार्ग मोकळा आहे. कुत्र्यास मात्र तीन महिन्यांचें होतांच लस टोंचावी व पुढें पशुवैद्य सांगतील त्याप्रमाणें ती चालू ठेवावी; तो खर्च कुत्र्यापेक्षां घरांतील लेंकरांसाठींच आहे.

दुसरा प्रकार भक्तद्वेषाचा. कुत्रें थाळी पाहून तोंड फिरवितें, ओठ चाटतें, उठून दूर जाऊन बसतें. याच्या मुळाशीं शरीरांतील रोग असतो, आणि मराठवाड्यांत गोचीडताप हें त्याचें एक मोठें कारण होय. तपकिरी गोचीड रक्त पितां पितां अतिसूक्ष्म जंतु कुत्र्याच्या रक्तांत सोडते. त्यांतील एर्लिकिया नांवाचा जंतु पांढऱ्या पेशींत वाढतो. १९३५ सालीं अल्जीरियांत तो प्रथम ओळखला गेला. दुसरा बॅबेसिया हा तांबड्या पेशी फोडतो. गोचीड चावल्यापासून एक ते तीन आठवड्यांनीं ताप चढतो आणि पुष्कळदां न जेवणें हेंच घरच्यांस दिसणारें पहिलें लक्षण असतें. वेळीं ओळखल्यास पहिल्या जंतूवर डॉक्सिसायक्लीन हें साधें औषध चार आठवडे दिलें असतां गुण येतो. पण रक्तपरीक्षा करून मात्रा पशुवैद्यांनींच ठरवावी. एक गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. ही गोचीड अंडीं घालते तीं कुत्र्याच्या अंगावर नव्हे, तर भिंतीच्या फटींत, दाराच्या चौकटीमागें. आमच्यासारख्या मातीच्या जुन्या घरांत नुसतें कुत्रें धुवून भागत नाहीं. भिंतीहि लिंपून घ्याव्या लागतात.

मूत्रपिंडें निकामी होत आलेलें म्हातारें कुत्रेंहि असेंच तोंड फिरवितें. तें पाणी फार पितें व तोंडास उग्र दर्प येतो. कुत्री माजावर येऊन गेल्यानंतर महिना-दोन महिन्यांनीं जेवण सोडून पाण्यावर राहूं लागली, तर गर्भाशयांत पू झाल्याचा संशय धरून तांतडीनें दाखवावें. पिलांत उलट्या व रक्ताचे दुर्गंधी जुलाब दिसल्यास तो पार्व्हो. १९७८ च्या सुमारास जगास प्रथम कळलेला हा रोग कोंवळ्या जीवास दोनतीन दिवसांत नेतो.

तिसऱ्या प्रकारांत भीति वाटण्यासारखें थोडें असतें. दिवाळीच्या फटाक्यांनीं भेदरलेलें, धनी परगांवीं गेल्यामुळें हिरमुसलेलें, नव्या घरांत आणलेलें कुत्रें एकदोन वेळां जेवीत नाहीं. वैशाखांत आमच्याकडे पारा बेचाळीसच्या पुढें जातो, तेव्हां दुपारीं जेवावें तरी कोणीं? उजाडतां व दिवस मावळल्यावर थाळी मांडावी. आणि दिवसभर मुलांच्या हातून बिस्किटें खाल्लेलें कुत्रें रात्रीं दूध-पोळी नाकारतें, त्यास आम्ही रोग म्हणत नाहीं.

मग थांबावें किती? धडधाकट मोठें कुत्रें एरवीं खेळत असेल, पाणी पीत असेल, तर एक दिवस वाट पाहण्यास हरकत नाहीं. पिलाच्या बाबतींत अर्धा दिवसहि फार होतो. ओठ उचलून हिरड्या पाहाव्या, परंतु जबडा लोंबलेला किंवा लाळ गळत असलेल्या कुत्र्याच्या नव्हे. त्या गुलाबी असाव्या, पांढऱ्या वा पिवळ्या दिसल्यास तत्काळ निघावें. गुदद्वारीं थर्मामीटर लावल्यास निरोगी कुत्र्याचा पारा १०१ ते १०२॥ अंश फॅरेनहाइटवर असतो. आपल्या अठ्ठ्याण्णवाशीं ताडून उगीच घाबरूं नये. पोट ढोलासारखें ताठ होऊन नुसते कोरडे उमाळे येत असतील, तर हाताशीं कांहीं तासच आहेत. घरांतील दुखण्याच्या गोळ्या, विशेषतः आयबुप्रोफेन व डायक्लोफेनॅक, मुळींच देऊं नयेत. त्यांनीं जठरास जखमा होतात व मूत्रपिंडें जातात. कांदा-लसणानें त्याच्या तांबड्या पेशी फुटतात, आणि मनुका त्यास विषासमान असल्यानें प्रसादाचा शिराहि निवडून घालावा.

परभणीस १९७२ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. जिल्ह्यांतील लोक गाय-म्हैस तेथें नेतात, पण कुत्रें नेण्याचा त्यांस संकोच वाटतो. "कुत्र्यासाठीं एवढ्या लांब?" असें आम्हांसहि विचारण्यांत आलें होतें. महाभारताच्या आरंभीं सरमेच्या पोरानें हविर्द्रव्यास तोंड लावलें नसतां जनमेजयाच्या भावांनीं त्यास मारलें, आणि ती आई तक्रार घेऊन थेट यज्ञमंडपांत गेली. आमच्या दारच्या मुक्या जिवासाठीं तेवढें चालावयास कोणी नको काय?

मोत्यानंतर चंदी आली. गेल्या श्रावणांत एका संध्याकाळीं तिनें पोळी हुंगून सोडली. मातोश्री आतां नाहींत. आमच्या सूनबाईंनीं तिथि न पाहतां प्रथम तिच्या हिरड्या पाहिल्या, मग कान. चार गोचिडी निघाल्या. दुसऱ्या दिवशीं पहिल्या मोटारीनें आम्ही परभणीस होतों. अठ्ठावीस दिवस गुळाच्या खड्यांत गोळी लपवून दिली. पांचव्या दिवशीं तिनें आमच्या ताटाजवळ येऊन भाकरीसाठीं पंजा मारला, आणि त्या दिवशीं एकादशी होती.