नुसतं ‘छान’ म्हणू नका

आज आपण मोबाइलवर फोटो कसा काढायचा आणि एकमेकींच्या फोटोवर सल्ला कसा द्यायचा, याबद्दल बोलणार आहोत.

गेल्या महिन्यात आमच्या ग्रुपवर एका ताईंनी शेळीचा फोटो टाकला. शेळी विकायची होती. फोटोखाली अकरा जणींनी ‘छान’ लिहिलं, चौघींनी फुलं टाकली. ताईंनी तोच फोटो आटपाडीकडच्या एका गिऱ्हाइकाला पाठवला. त्याचं उत्तर आलं, “शेळी काळी आहे एवढंच कळतंय.” दुसऱ्या दिवशी बैठकीत आमच्या एका मावशींनी तो फोटो डोळ्यांजवळ धरून पाहिला आणि म्हणाल्या, “आगं, ह्यात शेळी कुठाय? मागचा पत्रा तेवढा झळकतोय!”

सगळ्या हसल्या, पण अकरा ‘छान’पेक्षा मावशींच्या त्या एका वाक्याचा ताईंना जास्त उपयोग झाला. चूक कुठे आहे ते त्यांना नेमकं कळलं. त्यांनी शेळी पत्र्यापासून बाजूला लिंबाच्या सावलीत आणली, स्वतः खाली बसल्या आणि पुन्हा फोटो काढला. आता कान, कास, पाय सगळं दिसलं, आणि गिऱ्हाईक बघायला आलं.

फोटो दाखवायचे आणि एकमेकांना शिकवायचं, ही रीत मोबाइलबरोबर आलेली नाही. फोटो काढण्याची पहिली पद्धत 1839 साली पॅरिसमध्ये जाहीर झाली. त्यानंतर पंधराच वर्षांनी, 1854 साली, मुंबईत हौशी मंडळींनी फोटोग्राफिक सोसायटी काढली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे भाऊ डॉ. नारायण दाजी तिचे सभासद होते. त्या काळात काचेवर रसायन लावून, ती ओली असेपर्यंतच फोटो घ्यावा लागे आणि लगेच अंधारात धुवावा लागे. एक काच बिघडली की तेवढी मेहनत वाया. मग अनुभवी माणसाला विचारल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. आपल्याला आज फोटो फुकट पडतो, म्हणून आपण विचारत नाही. शंभर काढतो आणि शंभरातही तीच चूक करतो.

आता सल्ल्याकडे वळूया. महागडा फोन लागत नाही, आहे तोच पुरे.

सगळ्यात आधी भिंग पुसा. फोनच्या मागच्या काचेला पिठाचा, तेलाचा हात लागलेला असतो. फोटो धुरकट येतो आणि आपण म्हणतो, फोन जुना झाला. स्वच्छ, मऊ सुती कापडाने पुसा. कापडावर धूळ नको. आपल्या माणदेशात धूळ काही कमी नाही, आणि ती घासली की काचेवर चरे पडतात.

दुसरी गोष्ट उजेडाची. आपलं ऊन कडक. साधारण अकरा ते तीनच्या उन्हात माणूस उभा केला, तर डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात आणि कपाळ पांढरं दिसतं. सकाळी लवकर किंवा दिवस कलल्यावर ऊन तिरपं आणि मऊ असतं. दुपारीच काढायचा असेल, तर झाडाच्या किंवा भिंतीच्या सावलीत या. घरात काढताना माणसाचं तोंड दाराकडे ठेवा आणि तुम्ही दाराच्या बाजूला उभ्या राहा. बहुतेक जणी उलटं करतात, माणसाला दारात उभं करून आतून फोटो काढतात. मागचा उजेड जास्त असल्यामुळे चेहरा काळा पडतो. शेळीच्या फोटोत पत्र्यामुळे हेच झालं होतं.

तिसरी गोष्ट, जे दाखवायचं आहे त्यावर स्क्रीनवर बोटाने टिचकी मारा. कॅमेरा तिथे नजर स्थिर करतो आणि उजेडही त्याप्रमाणे धरतो. बऱ्याच फोनमध्ये शेजारी छोट्या सूर्याचं चित्र येतं. ते वर सरकवलं की फोटो उजळतो, खाली सरकवलं की गडद होतो.

याचा उपयोग म्हसवडच्या घोंगडीचं उदाहरण घेऊन सांगते. काळ्या घोंगडीचा किंवा जेनचा फोटो काढला, की ती राखाडी, विटलेली दिसते. फोन बिघडलेला नसतो. कॅमेऱ्याला वस्तू काळी आहे की जागा अंधारी आहे, हे नीट समजत नाही. समोर सगळं काळं दिसलं की त्याला वाटतं उजेड कमी पडतोय, म्हणून तो फोटो उजळवतो. अशा वेळी सूर्य थोडा खाली ओढा, काळं परत काळं होईल. ज्वारीची रास किंवा पांढरी लोकर असेल तर उलट होतं, पांढरं मळकट येतं. तिथे सूर्य थोडा वर न्या.

घोंगडीचा विणकामाचा पोत दाखवायचा असेल, तर उजेड समोरून नको, एका बाजूने यायला हवा. बाजूच्या उजेडात प्रत्येक धाग्याची बारीक सावली पडते आणि वीण उठून दिसते. फ्लॅश मारला की ही सावली पुसली जाते. फ्लॅश दोन पावलांवरच्या वस्तूपुरता ठीक. सिद्धनाथाच्या यात्रेत रात्री लांबून फ्लॅश मारून काही उपयोग होत नाही, पुढच्या माणसाची पाठ तेवढी उजळते.

चौथी गोष्ट, बोटांनी ओढून चित्र मोठं करू नका, स्वतः चार पावलं पुढे जा. ओढून मोठं केलेला फोटो बहुतेक साध्या फोनवर फुटतो. मात्र माणसाच्या चेहऱ्याच्या अगदी जवळही जाऊ नका, नाक मोठं आणि कान लहान दिसतात. चार-पाच फुटांवर थांबा. लहान मूल असो की करडू, त्याच्या डोळ्यांच्या उंचीला बसून काढा. उभ्याने वरून काढलेल्या फोटोत नुसती पाठ दिसते.

विक्रीच्या वस्तूचे तीन फोटो काढायची सवय लावा: एक पूर्ण वस्तूचा, एक जवळून, आणि एक शेजारी मोजपट्टी ठेवून. पापडाचं पाकीट केवढं, पिशवी किती मोठी, हे गिऱ्हाइकाला फोटोवरून कळत नाही. मोजपट्टीमुळे पुढचे चार प्रश्न वाचतात. आणि रंग गडद करणारी, चेहरा गोरा करणारी फिल्टरं इथे नकोत. फोटोत लालभडक दिसलेली चटणी हातात विटकरी आली, तर पुढची ऑर्डर येत नाही.

पाठवताना व्हॉट्सॲप फोटो लहान करतं, त्यात बारकावे जातात. छपाईसाठी किंवा मोठ्या ऑर्डरसाठी फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, तो आहे तसा जातो. पण एक लक्षात ठेवा. फोनमध्ये ठिकाण नोंदवण्याची सोय चालू असेल, तर डॉक्युमेंट म्हणून पाठवलेल्या फोटोबरोबर तो कुठे काढला, ही माहितीही जाते. अनोळखी माणसाला पाठवायचा घरातला फोटो काढण्याआधीच कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ती सोय बंद करा.

आता सल्ला कसा द्यायचा ते बघू. आमच्या गटात तीन गोष्टी ठरल्या आहेत. पहिली, आधी विचारायचं, “तुला काय दाखवायचं होतं?” पोरीचा नवा फ्रॉक दाखवायचा होता की पोरीचं हसू, ते कळल्याशिवाय सल्ला देता येत नाही. दुसरी, काय जमलं ते नाव घेऊन सांगायचं. “छान” नाही, तर “दारातला उजेड चेहऱ्यावर बरोबर पडलाय.” तिसरी, एका वेळी एकच सुधारणा सांगायची, आणि तीही करता येईल अशी. “नवीन फोन घे” हा सल्ला नाही. “दोन पावलं डावीकडे सर, म्हणजे डोक्यातून खांब उगवल्यासारखा दिसणार नाही,” हा सल्ला आहे.

फोटोखाली काढणारीचं नावही लिहा. होमाई व्यारावाला या आपल्या देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून ओळखल्या जातात. 1913 साली जन्मलेल्या होमाई मुंबईत जे.जे. कला महाविद्यालयात शिकल्या आणि कॅमेरा आपल्या पतीकडून शिकल्या. सुरुवातीला त्यांनी काढलेले फोटो पतीच्या नावाने छापून येत. बाईने काढलेल्या फोटोला कोण विचारणार, असा तो काळ. पुढे त्यांनी स्वातंत्र्याच्या वेळचे मोठमोठे प्रसंग टिपले आणि त्यांना पद्मविभूषण मिळालं. आपल्या गटाच्या कार्यक्रमाचे फोटो तुम्ही काढता आणि छापून येताना खाली कुणाचंच नाव नसतं. तर मग मागा नाव. मेहनत तुमची आहे.

आता जे सांगणार आहे, ते सांगताना मला आजही लाज वाटते. ज्या वहिनींची ही गोष्ट आहे, त्यांना विचारूनच सांगतेय. दोन वर्षांपूर्वी त्यांनी शिलाई मशीनसाठी कर्ज घेतलं. चेक हातात घेतल्याचा फोटो मी काढला. उजेड चांगला, हसू चांगलं, मला फार आवडला. कौतुकाने मी तो ग्रुपवर टाकला. कुणीतरी तो पुढे पाठवला, आणि संध्याकाळपर्यंत तो वहिनींच्या घरी पोचला. कर्जाचं त्या घरी अजून बोलल्या नव्हत्या, सवड बघून सांगणार होत्या. त्या रात्री त्यांना काय ऐकावं लागलं, ते मी इथे बोलत नाही. तीन महिने त्या बैठकीला आल्या नाहीत, हप्ता मुलीच्या हाती पाठवायच्या. मी माफी मागायला गेले तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, “फोटो माझा होता ना ताई? मग मला का नाही विचारलं?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी गटाची समन्वयक, मी फोटो काढला म्हणजे तो माझा झाला, असं मी धरून चालले होते.

मैत्रिणींनो, फोटो काढू का, हे विचारणं वेगळं आणि तो कुठे पाठवू का, हे विचारणं वेगळं. आता मी दोन्ही विचारते. “काढू का?” आणि काढून झाल्यावर तो दाखवून, “ग्रुपवर टाकू का? पेपरला देऊ का?” कुणी नको म्हणालं तर कारण विचारत नाही. एकदा पाठवलेला फोटो ‘सगळ्यांसाठी डिलीट’ ठरावीक वेळेतच करता येतो, आणि तोवर कुणी पुढे पाठवला असेल तर तो परत येत नाही. बाळंतिणीचा, आजारी माणसाचा, रडणाऱ्या बाईचा फोटो ग्रुपवर नकोच. पासबुक, आधार कार्ड, एटीएम कार्ड यांचे फोटोही नकोत. अशातून पैशांची फसवणूक झालीच, तर वेळ न घालवता 1930 या क्रमांकावर फोन करून तक्रार नोंदवा.

वहिनी आता परत बैठकीला येतात. त्यांच्या मशीनचं काम चांगलं चाललंय. मागच्या महिन्यात त्यांनी शिवलेल्या परकराचे तीन फोटो स्वतः काढून ग्रुपवर टाकले, मोजपट्टीसकट. मावशींनी लगेच कळवलं, “शिलाई सरळ दिसतीय, पण मागची बादली काढ.” वहिनींनी बादली काढली.

या आठवड्यात तुम्हीही एक काम करा. घरातली एकच वस्तू घ्या, मग ती घोंगडी असो, घागर असो नाहीतर चुलीवरची भाकरी. सकाळी, दुपारी आणि दिवस कलताना तिचा एकेक फोटो काढा. तिन्ही शेजारी ठेवून बघा. मग ते शेजारणीला दाखवा, आणि ती ‘छान’ म्हणाली की तिला विचारा, “छान म्हणजे काय गं?”

भेटूया पुढच्या वेळी. नमस्कार.