थव्याचा कर्ता कोण?

सोलापूरकडील ज्वारी हुरड्यास आली म्हणजे भोरड्यांचे थवेच्या थवे उतरतात. अक्कलकोट तालुक्यांत, कर्नाटकाच्या सीमेजवळ, मैंदर्गीच्या शिवारांत उभें राहून तो देखावा पाहावा. हजारों पक्षी एका क्षणांत वळतात, वर चढतात, पसरतात. पण एकाचा पंख दुसऱ्यास लागत नाहीं. गोफण फिरविणारा राखणदार त्रासून जातो खरा. आम्हांस मात्र प्रश्न पडतो, कीं या थव्यास हुकूम सोडतो तरी कोण?

कोणीच नाहीं! अमेरिकेंतील क्रेग रेनॉल्ड्स यांनीं १९८७ सालीं संगणकावर कृत्रिम थवा उडवून दाखविलें, कीं तीन नियम पुरेसे होतात: शेजाऱ्यावर आदळूं नये, त्याच्या दिशेनें व वेगानें जावें, आणि मंडळीपासून फार दूर पडूं नये. भोरडीच्या युरोपांतील भाऊबंदांचें निरीक्षण रोम येथें झालें. प्रत्येक पक्षी जवळच्या सहा-सात शेजाऱ्यांकडेच लक्ष देतो, असें २००८ सालीं प्रसिद्ध झालें.

वैमानिकावांचून उडणाऱ्या लहान विमानांनीं, म्हणजे ड्रोनांनीं, हाच धडा गिरविला आहे. प्रत्येक यंत्र उपग्रहांच्या साह्यानें आपलें स्थान ओळखतें व बिनतारी संदेशानें शेजाऱ्यांस कळवितें. बुडापेस्टच्या संशोधकांनीं २०१८ सालीं असे तीस ड्रोन मध्यवर्ती हुकुमावांचून एकत्र उडविले. २९ जानेवारी २०२२ रोजीं दिल्लीच्या आकाशांत एक हजार ड्रोनांनीं चित्रें काढलीं, तो प्रकार निराळा. तेथें प्रत्येकाचा मार्ग आधींच आंखलेला होता. ती कवायत, हा संसार.

संसार म्हटला कीं गैरसमज आलेच. संदेश किंचित् उशिरा पोंचला, तर दोन यंत्रें एकमेकांस चुकविण्यासाठीं एकाच बाजूस वळतात; अरुंद बोळांत समोरासमोर आलेल्या दोघां पाहुण्यांची होते तशीच गत!

आमच्या एकत्र कुटुंबांत कोणाच्या हातून चूक झाली, तर कर्ता पुढें होऊन उत्तर देतो. थव्यास कर्ता नाहीं. अशा थव्यानें फवारलेलें औषध उद्यां शेजाऱ्याच्या पिकावर पडलें, तर जाब कोणास विचारावा? भारतांत २०२१ च्या ड्रोन नियमांनीं यंत्राची नोंदणी, व बहुतेक कामांस प्रमाणपत्रधारक चालक, आवश्यक ठरविला आहे. म्हणून आमचें सांगणें इतकेंच, कीं शेतांत थवा बोलाविण्यापूर्वी कागदावर नांव कोणाचें आहे, तें प्रथम विचारावें. शेजारधर्म यंत्रांस शिकवितां येतो. जबाबदारी मात्र माणसानेंच घ्यावयाची असते.