इंजिनात मिथेनॉलचा फवारा : लाभ कोणाला, धोका कोणता?

नागपूरहून सिवनी, लखनादौनमार्गे जबलपूरला आणि तेथून नर्मदेच्या ग्वारीघाटावर जाणारा रस्ता मराठी भाविकांच्या परिचयाचा आहे. मे महिन्यात या भागातील तापमान चाळीस अंशांच्या पुढे जाते. अशा उन्हात भरलेली मोटार चढाला लागली की इंजिन मंदावल्याचे चालकाला जाणवते. यावर उपाय म्हणून मिथेनॉल इंजेक्शनचे नाव घेतले जाते. हा उपाय नेमका काय आहे आणि तो सर्वसाधारण मोटारीसाठी योग्य आहे काय?

शक्ती वाढते कशी?

तापलेली हवा विरळ असते. त्यामुळे सिलिंडरमध्ये प्राणवायू कमी जातो आणि शक्ती घटते. शिवाय अतिउष्ण मिश्रणाचा काही भाग ठिणगीने लागलेली ज्योत पोहोचण्यापूर्वीच आपोआप पेटतो व इंजिनातून खडखड ऐकू येते. यालाच नॉकिंग म्हणतात. ते दीर्घकाळ चालू राहिल्यास पिस्टनची हानी होते.

मिथेनॉल व पाणी यांचे मिश्रण, बहुधा निम्मे-निम्मे, बारीक फवाऱ्याने आत येणाऱ्या हवेत सोडले, की त्याची वाफ होताना हवेतील उष्णता शोषली जाते. एक किलो पेट्रोलच्या बाष्पीभवनास लागणाऱ्या उष्णतेच्या सुमारे तिप्पट उष्णता मिथेनॉलला आणि सहापटीहून अधिक पाण्याला लागते. हवा थंड झाल्याने नॉकिंग टळते. मग टर्बोचार्जरचा दाब वाढवणे किंवा ठिणगी लवकर देणे शक्य होते. शक्तीतील खरी वाढ या फेरबदलातून होते. केवळ फवाऱ्यातून नव्हे.

तंत्र जुनेच

दुसऱ्या महायुद्धात जर्मन लढाऊ विमानांनी हे मिश्रण वापरले. हिंदुस्थान एरोनॉटिक्सने कानपूर येथे बांधलेल्या ॲव्रो-748 विमानांच्या डार्ट इंजिनांतही उष्ण हवामानातील उड्डाणासाठी पाणी-मिथेनॉलची सोय होती.

मोटारींच्या क्षेत्रात अमेरिकेतील ओल्ड्समोबाइल जेटफायर (1962) हे ठळक उदाहरण होय. तिच्या टर्बो इंजिनासाठी अशा द्रवाची स्वतंत्र टाकी होती. ती रिकामी झाली की दाब आपोआप मर्यादित होई. अनेक मालकांना टाकी वेळेवर भरणे जमले नाही आणि दोन वर्षांतच ही मोटार बंद झाली.

धोके कोणते?

बाजारातील संच बसवून इंजिनाचा दाब वाढवला आणि ऐन चढावर पंप बंद पडला किंवा फवाऱ्याची तोटी तुंबली, तर संरक्षण नाहीसे होते. दाब मात्र तसाच राहतो. काही क्षणांत इंजिन निकामी होऊ शकते. मिथेनॉलमुळे ॲल्युमिनियमचे भाग व काही प्रकारचे रबर खराब होते.

त्याहून गंभीर बाब म्हणजे मिथेनॉल हे विष आहे. अत्यल्प प्रमाणात पोटात गेले तरी दृष्टी जाऊ शकते, मृत्यूही ओढवू शकतो. मुंबईतील मालवणी येथे 2015 साली मिथेनॉलयुक्त दारूने शंभरावर बळी घेतले होते. मिथेनॉलची ज्योत दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही आणि निम्मे पाणी मिसळूनही मिश्रण पेट घेऊ शकते. पाण्याच्या बाटलीत ते भरून सहकुटुंब प्रवासात नेणे म्हणजे अनर्थाला निमंत्रणच होय.

कायद्याची बाजूही लक्षात घेतली पाहिजे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हीच भूमिका स्पष्ट केली.

मग उपाय काय?

टर्बो नसलेल्या मोटारीला या संचाचा लाभ नगण्य असतो. शर्यतीच्या गाड्यांची गोष्ट वेगळी. तेथे तज्ज्ञांची देखरेख असते. उन्हात इंजिन मंदावत असेल, तर कूलंटची पातळी, रेडिएटर, हवेचा फिल्टर व टायरमधील हवा तपासावी, भार कमी करावा आणि चढावर खालचा गिअर वापरावा. नर्मदेच्या घाटापर्यंत सुखरूप पोहोचण्यास एवढी दक्षता बहुधा पुरेशी ठरते.